ई जीवनसत्त्व आणि पेशीपटलाची पारगम्यता

ई जीवनसत्त्व हे मेदात विरघळणारे जीवनसत्त्व असून पेशीपटलाची पारगम्यता, म्हणजेच पाणी, आयन, ग्लुकोज इत्यादी पदार्थ आरपार जाऊ देण्याचा गुणधर्म, मर्यादेत राखण्यास ते साहाय्य करते. अल्फा-टोकोफेरॉल हे त्याचे मानवी शरीरातील प्रमुख रूप होय. हर्बर्ट इव्हान्स व कॅथरीन बिशप यांनी १९२२ मध्ये याचा शोध लावला. १९३६ मध्ये ते गव्हाच्या अंकुराच्या तेलातून शुद्ध स्वरूपात मिळविण्यात आले.

पटलातील स्थान

पेशीपटल हा फॉस्फोलिपिड रेणूंचा दुहेरी थर असतो. टोकोफेरॉलच्या रेणूचे वलय या थराच्या पृष्ठभागाजवळ राहते व लांब शेपटी आतील मेदशृंखलांमध्ये शिरते.

कार्य

असंतृप्त मेदाम्लांचे ऑक्सिडीभवन साखळी-प्रक्रियेने पसरते. ऑक्सिडीभवन झालेल्या शृंखला पाण्याच्या दिशेला वळतात, रेणूंची घट्ट रचना सैल होते आणि पटल पाझरू लागते. टोकोफेरॉल मुक्त मूलकाला हायड्रोजन देऊन ही साखळी तोडते. क जीवनसत्त्व त्याला पुन्हा मूळ रूपात आणते.

याखेरीज त्याचा भौतिक परिणामही होतो. प्रयोगशाळेत तयार केलेल्या असंतृप्त लिपिडांच्या पटलांत ते शृंखलांची हालचाल रोखून पाझर कमी करते. याउलट घट्ट गोठलेल्या संतृप्त पटलांत ते रचना सैल करते. डिप्लॉक व ल्युसी यांनी १९७३ मध्ये अशा रचनात्मक कार्याचे गृहीतक मांडले. तथापि नैसर्गिक पटलांत शेकडो ते हजारो लिपिड रेणूंमागे टोकोफेरॉलचा जेमतेम एक रेणू असतो. त्यामुळे ऑक्सिडीभवनास प्रतिबंध हेच त्याचे मुख्य कार्य मानले जाते.

महत्त्व

तांबड्या रक्तपेशींचा ऑक्सिजनशी सतत संबंध येतो. या जीवनसत्त्वाची उणीव असल्यास त्यांचे पटल दुबळे होऊन पेशी फुटतात. अकाली जन्मलेल्या बालकांत त्याचा साठा अल्प असल्याने हा धोका त्यांना अधिक असतो.

वनस्पतींतही हेच तत्त्व आढळते. कन्नडसह मराठवाड्यात परिचित असलेल्या सरकीच्या व करडईच्या तेलांत प्रति १०० ग्रॅम सुमारे ३५ मिलिग्रॅम अल्फा-टोकोफेरॉल असते. बियांतील टोकोफेरॉल साठवणीच्या काळात बियांच्याच पटलांचे रक्षण करते. जुने, निकृष्ट बियाणे भिजविल्यास त्यातून क्षार अधिक पाझरतात व पाण्याची विद्युतवाहकता वाढते. बियाण्याचा जोम तपासण्याची एक पद्धत यावरच आधारलेली आहे.

अतिरिक्त मात्रेमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकत असल्याने पूरक गोळ्या वैद्यकीय सल्ल्यानेच घेणे इष्ट होय.