भिंतीच्या कलानं वायरिंग

शहापुरातलं आमचं घर दगड-मातीचं, वर लाकडी तुळया. वायरिंग आजेसासऱ्यांच्या काळातलं. लाकडी पट्टीवर रबरी वेष्टणाच्या वायरी. ते रबर आता वाळून तडकलं होतं. यंदा पावसात न्हाणीघराच्या ओल्या भिंतीला हात टेकला, की सासूबाईंना झिणझिण्या येऊ लागल्या. मेन स्विच पाडला आणि त्याच दिवशी वायरमन बोलावला.

पहिला म्हणाला, "सगळीकडे झिरी मारू. वायर दिसणारच नाही." दुसऱ्या, वयस्कर वायरमननी भिंतीवर बोटं वाजवून पाहिली. म्हणाले, "इदु मण्णिन गोडे, अक्का. सावकाश माडबेकु." 'सावकाश' आपल्या दोन्ही भाषांतला! काम त्यांनाच दिलं.

मातीच्या भिंतीत झिरी सरळ राहत नाही. ढेकळं सुटतात, दगड हलतो. आडवी, खोल झिरी तर भिंत कमकुवतच करते. म्हणून मुख्य पाइप तुळईच्या कडेनं उघडाच नेला. खाली उतरताना दाराच्या चौकटीलगत केसिंग-कॅपिंगची पट्टी बसवली. झिरी मारली ती फक्त मागच्या नव्या, विटांच्या खोलीत, तीही उभी. गिलावा करण्याआधी भिंतीला टेप लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवले. उद्या खिळा ठोकताना वायर कुठे आहे ते कळेल.

दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वयंपाकघरातल्या मिक्सर-फ्रिजच्या प्लगांना २.५ची आणि गीझरला स्वतंत्र ४ची. प्रत्येक प्लगला हिरवी अर्थिंगची वायर. अंगणात अर्थिंगचा खड्डाही नवा केला.

एमसीबी बसवला म्हणजे झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण तो जादा भार आणि शॉर्टसर्किटपासून वायर वाचवतो. माणसाला बसणारा शॉक त्याला कळेलच असं नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या प्रवाहात तेवढा फरक पडला, की ती क्षणात वीज तोडते. तिच्यावरचं 'टेस्ट' बटण अधूनमधून दाबून पाहायचं.

तुळईलगतचा पाइप पाहुण्यांना दिसतो, कुणी विचारतंही. दिसू दे! जुन्या घराला रंग पुढच्या दिवाळीतही देता येईल. पैसे आधी अर्थिंग आणि आरसीसीबीसाठी बाजूला काढा.