मळणीयंत्राचा पट्टा बदलतांना

गेल्या आश्विनांत आमच्या एका सभासदांच्या खळ्यावर सोयाबीनची गंजी उभी होती. ट्रॅक्टर भाड्याचा, मजूर रोजाचे, आणि मावळतीकडे आभाळ भरून येत होतें. मळणीस आरंभ होऊन तासभरही लोटला नसेल तोंच यंत्राच्या पंख्याचा पट्टा तुटला. तो बाहेरून दोरीनें मोजला तेव्हां ७१ इंच भरला. त्यांचे चिरंजीव मोटारसायकलीवरून तालुक्याच्या गांवीं गेले आणि ७१ नंबरचा नवा पट्टा घेऊन आले. पट्टा चढला खरा, पण सैल. ताण देण्याचा बोल्ट शेवटास नेऊन टेकविला तरी सैलच. पंखा मंदावला, भुसा दाण्यांतच येऊं लागला, थोड्या वेळानें जळक्या रबराचा वास सुटला आणि काम थांबवावें लागलें. रात्रीं पाऊस आला. ताडपत्री होती म्हणून बरें. तरी गंजीचा खालचा थर भिजलाच. आम्ही त्या वेळीं तेथेंच उभे होतों, आणि सांगण्यास संकोच वाटतो, पण चूक कोठें झाली हें आम्हांसही तेव्हां उमगलें नाहीं.

चूक दोरींत होती. पाचरीच्या आकाराच्या या व्ही-पट्ट्यावर ‘बी ६८’ असा जो शिक्का असतो, त्यांतील अक्षर पट्ट्याची रुंदी व जाडी सांगतें आणि आंकडा त्याच्या आंतल्या बाजूची लांबी इंचांत सांगतो. बी जातीचा पट्टा ११ मिलिमीटर जाड असल्यामुळें त्याचा बाहेरचा घेर आंतल्या घेरापेक्षां सुमारें ६९ मिलिमीटरांनीं, म्हणजे जवळजवळ पावणेतीन इंचांनीं, अधिक भरतो. आमच्या सभासदांचा जुना पट्टा ६८ नंबरचाच होता; शिक्का घासून गेला होता, एवढेंच.

आमच्या वडील पिढीस ही अडचण ठाऊक नव्हती. ऑइल इंजिनावर पिठाची गिरणी किंवा उसाचा चरक चाले तेव्हां पट्टा सपाट असे, चामड्याचा किंवा कॅनव्हासचा. सैल झाला कीं दोन बोटें कापावा आणि वादीनें पुन्हां सांधावा. आजचा व्ही-पट्टा बिनसांध्याचा, अखंड येतो. तो कापतां येत नाहीं कीं ताणून वाढवितां येत नाहीं. तरी दुकानांत जाऊन ‘याच्यासारखा द्या’ म्हणण्याची संवय मात्र सपाट पट्ट्याच्या काळचीच राहिली आहे.

अक्षराकडेही दुर्लक्ष होतें. ए जातीच्या पट्ट्याची वरची रुंदी १३ व जाडी ८ मिलिमीटर, बीची १७ व ११, सीची २२ व १४. बी मिळाला नाहीं म्हणून त्याच लांबीचा ए पट्टा बसविलेला आम्हीं पाहिला आहे. तो खोबणीच्या बुडाशीं जाऊन टेकतो आणि घसरत राहतो. कारण व्ही-पट्टा ओढतो तो खोबणीच्या दोन्ही भिंतींस चिकटून, तळाशीं त्याचा संबंध येतां कामा नये. याच कारणास्तव नवा पट्टा आणण्यापूर्वीं पुली तपासावी, असें आम्ही आग्रहानें सांगूं. वापरानें भिंती पोटाशीं खोलगट होतात व पट्टा खालीं उतरून तळ आरशासारखा चकाकूं लागतो. सरळ पट्टी भिंतीस लावून मागें बॅटरीचा उजेड धरावा. पाऊण मिलिमीटराहून अधिक फट दिसली तर पुलीच बदलावी, नाहीं तर नवा पट्टाही फार दिवस पुरणार नाहीं. चांगल्या पुलींत नव्या पट्ट्याची पाठ कांठाशीं बहुधा समपातळींत येते. गांवच्या लेथवर पुली कातून घेणाऱ्यांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. पट्ट्याची पाचर ४० अंशांची असते, पण खोबण ३४ ते ३८ अंशांची कोरतात, आणि पुली जितकी लहान तितका कोन अरुंद. कारण लहान पुलीवर वळतांना पट्ट्याची पाठ ताणून आवळते व पोट फुगतें. हा कोन कारागिरास सांगितल्यावांचून राहूं नये.

तुटलेला पट्टा गोठ्यांत दावें म्हणून जाण्यापूर्वीं नीट न्याहाळावा. दोन्ही कडा चकचकीत व कठीण झाल्या असतील तर तो घसरत होता. एकच कड झिजली असेल तर पुली एका रेषेंत नाहींत. पोटाला आडव्या भेगा असल्यास उष्णता, वय किंवा फार लहान पुली यांपैकीं कांहीं तरी कारण आहे. फुगून चिकट झाला असेल तर बेअरिंगांतून ग्रीस किंवा तेल गळत आहे. कारण दूर न करतां पट्टा बदलणें म्हणजे दुकानदाराचें गिऱ्हाईक पक्कें करणें होय.

यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकांतील नंबर हाच खरा आधार. पण तोही नेहमीं चालत नाहीं. सोयाबीनचा दाणा फुटूं नये म्हणून ड्रमाचा वेग गव्हापेक्षां कमी ठेवतात, आणि त्यासाठीं पुष्कळ ठिकाणीं पुली बदललेली असते. पुली बदलली कीं पट्ट्याची लांबी बदलली. अशा वेळीं ताणाचा बोल्ट मध्यावर आणून दोन्ही आंसांच्या मध्यबिंदूंतील अंतर मोजावें. त्याची दुप्पट करावी. दोन्ही पुलींच्या बाहेरच्या व्यासांची बेरीज १.५७ नें गुणून तींत मिळवावी; शिवाय व्यासांतील फरकाचा वर्ग करून त्यास अंतराच्या चौपटीनें भागावें आणि तो भागाकारही मिळवावा. उदाहरणार्थ, अंतर ५२० मिलिमीटर व व्यास ३०० आणि १८० असल्यास १०४०, ७५४ व ७ मिळून १८०१ होतात. हा झाला बाहेरचा घेर. बी पट्ट्यासाठीं त्यांतून ६९ वजा केले कीं १७३२ उरतात, आणि २५.४ नें भागल्यावर ६८ इंच येतात. हा हिशेब आम्हीं मागाहून त्याच यंत्रावर करून पाहिला. त्या दिवशीं पाठकोऱ्या कागदावर पांच मिनिटांत झाला असता.

जेथें दोन-तीन पट्टे जोडीनें चालतात तेथें एकच तुटला तरी सर्व एकदम, एकाच कारखान्याचे बदलावे. जुने ताणलेले असतात, त्यामुळें सारा भार नव्या एकट्यावर पडतो. चांगले उरलेले जुने पट्टे अडचणीसाठीं बाजूस ठेवावे. पोटाशीं खांचा असलेला पट्टा लहान पुलीवर सहज वळतो व कमी तापतो. मात्र जेथें पट्टा सैल करून यंत्र थांबवितात व आवळून चालू करतात, तेथें कापडानें मढविलेला पट्टाच बरा.

चार फुगीर टायरांचें जें सर्व प्रकारच्या रानांत चालणारें ए.टी.व्ही. वाहन असतें, त्याच्या पट्ट्यास वरील हिशेब मुळींच लागूं पडत नाहीं. विनागिअर स्कूटरप्रमाणें त्यांतही रुंद पट्टा दोन पसरत्या-आवळत्या पुलींमध्यें वरखालीं सरकून वेग बदलतो. ही युक्ति हॉलंडांतील हुब व्हान डोर्न यांच्या डॅफ मोटारींत १९५८ सालीं आली. येथें पट्ट्याची रुंदी हाच गिअर असल्यामुळें तो एक-दोन मिलिमीटर झिजला तरी वाहनाची धांव बदलते. अशा वाहनाला कारखान्याच्या भागक्रमांकाचाच पट्टा घ्यावा, आणि ओझें ओढतांना कमी वेगाच्या गिअरांत चालवावें. उष्णतेनें जळणारे पट्टे बहुधा येथेंच जळतात.

पट्टा चढवितांना पहारीनें उचकटूं नये. आंतले दोर तुटतात आणि बाहेरून कांहीं दिसत नाहीं. बोल्ट ढिला करून पुली जवळ आणावी. दोन आंसांमधील प्रत्येक मीटर अंतरास मध्यावर दाबून सुमारें १६ मिलिमीटर दबेल इतका ताण द्यावा, आणि पहिल्या कांहीं तासांनंतर पुन्हां पाहावा, कारण नवा पट्टा प्रथम थोडा बसतो. राळ किंवा मेण लावूं नये. ट्रॅक्टर बंद करून किल्ली खिशांत ठेवल्याशिवाय हात घालूं नये, आणि काम झाल्यावर जाळी पुन्हां बसवावी. धोतराचा सोगा, पदर किंवा उपरणें पट्ट्याशेजारीं कसें ओढलें जातें हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस अधिक सांगणें नको. मळणीयंत्रांच्या सुरक्षिततेसाठीं १९८३ सालीं कायदा झाला, तरी काढलेली जाळी खळ्याच्या कोपऱ्यांत पडलेली आम्हांस अजून दिसते.

प्रत्येक नंबरचा एक पट्टा हंगामापूर्वींच घेऊन ठेवावा. तो खिळ्यास टांगूं नये, खिळ्याच्या जागीं त्यास कायमचा बांक येतो. जाड गोल खुंटीवर, उन्हापासून, डिझेलपासून व उंदरांपासून दूर ठेवावा. आमच्या सभासदांनीं आतां यंत्राच्या पत्र्यावर रंगानें ठळक ‘बी ६८’ असें लिहून ठेवलें आहे.