संगणकाची स्मृति : जुन्या यंत्रास नवी पट्टी

घरांतील टेबलावरचा संगणक पांचसात वर्षांचा झाला कीं मंद चालूं लागतो, आणि मग 'यांत रॅम वाढवा' असा सल्ला जो तो देतो. कोणती रॅम, हें सांगणारा मात्र विरळा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांनीं कारखान्यांतील माल ओढून घेतल्यामुळें २०२५ च्या अखेरीस या पट्ट्यांचे भाव एकाएकीं चढले. तेव्हां न जुळणारी पट्टी घरीं आणणें ही आतां लहान चूक राहिलेली नाहीं. शिवाय आमच्या चांदीपसारख्या गांवाहून विरार गांठावयाचें, तेथून लोकलनें ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत जावयाचें, आणि पट्टी बसली नाहीं म्हणून पुन्हां तीच यात्रा करावयाची, यांत दिवसहि जातो.

रॅम म्हणजे विद्यार्थ्याची पाटी, आणि डिस्क म्हणजे त्याची वही. गणित पाटीवर सोडवावयाचें व उत्तर वहींत उतरावयाचें. वीज गेली कीं पाटी पुसली जाते, वही राहते. पाटी अपुरी पडली म्हणजे पदोपदीं वहीकडे धांवावें लागतें. यंत्र मंदावतें तें यामुळें. परंतु दोष खरोखर पाटीचाच आहे काय, हें आधीं पाहावें. विंडोजमध्यें कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबल्या असतां टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत 'परफॉर्मन्स' या सदराखालीं 'मेमरी' पाहावी. नेहमींचें काम चालूं असतां स्मृति जवळजवळ भरलेली दिसली, तरच नवी पट्टी घ्यावी. निम्मी मोकळी असेल, तर जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसविणें अधिक शहाणपणाचें. एकूण स्लॉट किती व भरलेले किती, हेंहि तेथेंच कळतें.

आतां मुख्य गोष्ट. या पट्ट्यांच्या पिढ्या आहेत. डीडीआर३ बाजारांत आली २००७ सालीं, डीडीआर४ २०१४ सालीं, डीडीआर५ २०२१ सालीं. पहिलीस दीड व्होल्ट, दुसरीस १.२ व तिसरीस १.१ व्होल्ट विजेचा दाब लागतो. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्यें जात नाहीं; तशी जाऊं नये म्हणूनच प्रत्येकीची खांच निराळ्या जागीं कापलेली असते. डीडीआर४ व डीडीआर५ या दोहोंचे संपर्कबिंदु २८८ च असल्यामुळें वरवर पाहणारा फसतो. बसत नसेल तेथें बळ करूं नये.

केवळ प्रोसेसरचें नांव सांगून दुकानदाराकडून पट्टी मागणेंहि पुरेसें नाहीं. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरसाठीं कांहीं मदरबोर्ड डीडीआर४ घेणारे निघाले, कांहीं डीडीआर५ घेणारे. म्हणून बोर्डावर छापलेलें नांव कागदावर उतरून घ्यावें, व तो बोर्ड जास्तींत जास्त किती जीबी स्वीकारतो हें त्याच्या पुस्तिकेंत पाहावें. सर्वांत सोपें म्हणजे जुनी पट्टी काढून खिशांत घालून न्यावी. तिच्यावरील चिठ्ठी वाचण्याजोगी असते. 'पीसी३-१२८००यू' असें असल्यास तीन हा पिढीचा आंकडा. १२८०० स आठांनीं भागिलें कीं १६०० हा वेग निघतो. आणि 'यू' म्हणजे साध्या डेस्कटॉपची पट्टी. 'एस' असल्यास ती लॅपटॉपची, आंखूड. 'आर' असल्यास सर्व्हरमधून काढलेली. ती फार स्वस्त मिळते, आणि साध्या घरगुती बोर्डावर चालत नाहीं. या स्वस्ताईस भुललेले पुष्कळ!

वेग निराळे असले तरी बहुधा चालतें. मात्र २४०० ची व ३२०० ची पट्टी शेजारीं बसविल्यास दोन्ही २४०० नेंच चालतात, म्हणजे अधिक वेगासाठीं दिलेले पैसे वायां. एकसारख्या दोन पट्ट्या जोडीनें बसविल्यास बोर्ड दोन्हींकडून एकदम माहिती घेतो. बत्तीस बिटांची विंडोज असेल, तर चार जीबींच्या पलीकडे घेतलेली पट्टी घरगुती यंत्रांत निरुपयोगीच ठरते.

बसवितांना वीज पूर्ण बंद करावी, पेटीच्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर वीज काढून टाकावी, व दोन्ही टोंकें सारखीं दाबून पट्टी खटकन् बसूं द्यावी. यंत्र सुरू न झाल्यास पट्टी काढून तिच्या सोनेरी दांतांवर पांढरें खोडरबर हलकेंच फिरवावें, भुगा झटकावा व पुन्हां बसवावी. नंतर त्याच रात्रीं 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' चालवावा. दोष निघाला तर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीं पट्टी बदलून घेतां येते.