नागपूरचे नायडू आणि इंदूरचें मैदान

गांधीबागेंतील कापडाच्या पेढीवर क्रिकेटचा विषय निघाला, म्हणजे जुन्या रसिकास एक तक्रार केल्यावांचून राहवत नाहीं. कर्नल सी. के. नायडू जन्मानें नागपूरचे. परंतु त्यांच्या पराक्रमाचें श्रेय मात्र इंदूरच्या पदरीं पडलें. ही तक्रार कितपत न्याय्य आहे, हें पाहण्याजोगें आहे.

नायडू १८९५ सालीं नागपुरांत जन्मले व हिस्लॉपच्या शाळेंत शिकले. १९१६ सालीं मुंबईंत युरोपियनांविरुद्ध हिंदूंच्या बाजूनें ते प्रथम उतरले, तेव्हां ७९ धावांत सात गडी बाद झाले होते. तीन चेंडू त्यांनीं शांतपणें अडविले आणि चौथ्यावर षट्कार मारला! पण त्या काळीं खेळावर पोट भरत नसे. शाळा-कॉलेजांतील उत्तम खेळाडूहि पुढें कचेरींत किंवा वकिलींत विरून जात असत. खेळाडूस चरितार्थ, मान आणि मोठे सामने हीं तिन्ही देण्याचें सामर्थ्य संस्थानिकांपाशीं होतें. होळकरांच्या आमंत्रणावरून १९२३ सालीं नायडू इंदूरला गेले, यांत नवल तें काय? १९२६ सालीं गिलिगन यांच्या इंग्लिश संघाविरुद्ध मुंबईंत त्यांनीं ११ षट्कारांसह १५३ धावा काढल्या. १९३२ सालीं लॉर्ड्सवर हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटीचें नेतृत्व केलें. होळकर संघ चार वेळां रणजी चषक जिंकला. त्यांतील १९४५-४६ च्या अंतिम सामन्यांत नायडूंनीं बडोद्याविरुद्ध २०० धावा केल्या, तेव्हां त्यांचें वय पन्नास होतें.

इकडे विदर्भाचा स्वतंत्र संघ १९५७-५८ मध्यें रणजी स्पर्धेंत आला. पुढें १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, तरी हा संघ वेगळाच राहिला. पहिला चषक मिळावयास साठ वर्षें लागलीं; आणि तो मिळाला इंदुरांत, होळकरांचें नांव धारण करणाऱ्या मैदानावर! १ जानेवारी २०१८ रोजीं फैज फजलच्या संघानें दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव केला. रजनीश गुरबानीनें त्यांत लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले.

मात्र रसिकानें हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, त्या संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित व अनुभवी फलंदाज वसीम जाफर हे दोघेहि मुंबईचे होते. होळकरांनीं नागपूरच्या बाबतींत जें केलें, तेंच नागपूरनें मुंबईच्या बाबतींत केलें. दरबाराच्या जागीं क्रिकेट असोसिएशन आलें, इतकाच काय तो फरक. तेव्हां इंदूरवर रुसण्याचा हक्क आतां फारसा उरत नाहीं.

२०२५ सालीं जामठ्याच्या मैदानावर केरळाशीं झालेला अंतिम सामना अनिर्णित राहिला व पहिल्या डावांतील आघाडीवर विदर्भास तिसरा चषक मिळाला. कर्नाटकांतून आलेल्या करुण नायरनें त्यांत ८६ आणि १३५ धावा केल्या. परंतु पहिल्या डावांत सर्वाधिक धावा काढणारा दानिश मालेवार नागपूरचाच. आणि त्याच्या धावा भरल्या बरोबर १५३.