बिटाचं उलगडलं, उसाचं अडलं

गळीत हंगामात टेंभुर्णीच्या चौकात पाच मिनिटं उभं राहावं. उजनीच्या पाण्यावर वाढलेल्या उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक जातात. ‘कुठली जात?’ असं विचारलं की उत्तर बहुधा एकच येतं, शहाऐंशी बत्तीस. म्हणजे को ८६०३२. कोइमतूरचा हा वाण १९९६ साली ‘नीरा’ नावाने महाराष्ट्रात आला आणि ठाण मांडून बसला.

एकाच जातीवर विसंबल्याची किंमत उत्तर प्रदेशाने मोजली. को ०२३८ ने तिथली बहुतेक रानं व्यापली आणि मग लाल कूज हा बुरशीचा रोग शिरला. टिपरी उभी चिरली की आत लाली, मधे पांढरे आडवे पट्टे आणि आंबूस वास. ही बुरशी बेण्यातून पसरते; उभ्या उसावर फवारून भागत नाही. तिला दाद न देणारी जातच हवी, आणि तशी जात घडवायला बारा-चौदा वर्षं जातात.

जात घडवण्याच्या या कामात साखरेचं दुसरं पीक, शुगरबीट, पुढे निघून गेलं. बिटाची गुणसूत्रं नऊ जोड्या. त्याचा जनुकसंच २०१४ साली वाचून झाला. ‘रायझोमेनिया’ या विषाणूरोगात बिटाच्या मुळांना अक्षरशः दाढी फुटते. त्याला रोखणारं एक जनुक २०१७ साली संशोधकांनी डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या रानबिटातून नेमकं हुडकलं.

उसाचं तसं नाही. गोड ऊस आणि रानटी कांस यांचा संकर कोइमतूरला १९१२ च्या सुमारास झाला, आणि तेव्हापासून उसात शंभरावर गुणसूत्रांची भाऊगर्दी आहे. पत्त्यांचे दहा-बारा कॅट एकत्र पिसावेत, त्यातले काही पत्ते फाटके असावेत, तशी. रियुनियन बेटावरच्या ‘आर ५७०’ या उसाचा तपशीलवार जनुकसंच २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तांबेऱ्याला रोखणारी शेजारशेजारची दोन जनुकं हाती लागली. जनुकाची अशी खूण सापडली की रोपाच्या पानाचा तुकडा तपासूनच निवड करता येते. रोगाची वाट पाहावी लागत नाही.

लाल कूज मात्र एका जनुकाला भीक घालत नाही. प्रतिकार अनेक जनुकांत थोडा-थोडा विखुरलेला, शिवाय बुरशीही रूप बदलते. त्यामुळे प्रयोगशाळेने निवडलेलं रोप शेवटी रोगट वाफ्यात लावूनच पारखावं लागणार.

तोवर एक करा. बेणं नोंदणीकृत बेणेमळ्यातूनच घ्या आणि कांडीचा काप बघा. आत लाल दिसलं, तर ती मोळी रानात नेऊ नका.