मीटर मोजतो ते चाकाचे फेरे

भोर-वेल्हे हा भाताचा आणि घाटवाटांचा मुलूख. नसरापूरहून मार्गासनीमार्गे वेल्ह्याला जा, नाहीतर भोरहून वरंध घाटाकडे वळा, सरळ सपाट रस्ता फार वेळ साथ देत नाही. दुधाचे कॅन बांधलेली मोटारसायकल असो की शेतघरावरची चार जाड टायरांची एटीव्ही, पावसाळ्यातला चिखल हबमध्ये शिरतो, मीटरची केबल तुटते आणि काटा शून्यावर पडून राहतो. मग बाजारातून सुटा डिजिटल मीटर आणून बसवला जातो. आकडे पळू लागले की आपले समाधान होते. पण ते आकडे खरे आहेत का, हे पाहायचे राहूनच जाते.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. मीटरला रस्ता दिसत नाही. तो फक्त चाकाचे फेरे मोजतो. जुन्या काट्याच्या मीटरमध्ये केबलच्या टोकाशी लोहचुंबक फिरते. त्यामुळे शेजारच्या धातूच्या वाटीत भोवरी प्रवाह निर्माण होतात, वाटी चुंबकामागे ओढली जाते आणि बारीक स्प्रिंग तिला अडवते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो तो वेग. ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये या युक्तीचे पेटंट घेतले. डिजिटल मीटरमध्ये चाकावर छोटे चुंबक आणि त्यासमोर सेन्सर असतो. दर फेऱ्याला एक ठोका मिळतो. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हे मात्र मीटरला आपणच सांगावे लागते. सगळी चूक किंवा बरोबरी याच आकड्यात असते.

आता बसवण्याविषयी. सेन्सर शक्यतो पुढच्या चाकाला लावावा. मागचे चाक चिखलात जागच्या जागी गरगरते आणि गाडी तसूभर न हलताही मीटर धावू लागतो. चुंबक आणि सेन्सर समोरासमोर हवेत. त्यांच्यातली फट मीटरसोबतच्या पत्रकात दिली असेल तेवढी, म्हणजे सहसा काही मिलिमीटरच ठेवावी. चाक हाताने फिरवून कुठे घासत नाही ना, ते पाहावे. वायर ब्रेकच्या नळीच्या कडेने न्यावी, पण हॅण्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती ताणली जात नाही याची खात्री करावी. वीज किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या वायरीवरून, फ्यूज घालून घ्यावी. ज्या मीटरला घड्याळासाठी बॅटरीची कायमची वायर लागते, त्याला ती वेगळी द्यावी.

मग चाकाचे माप. टायरवर लिहिलेल्या आकारावरून हिशेब करता येतो, पण माणूस बसला की टायर दबतो आणि प्रत्यक्ष फेरा थोडा लहान होतो. एटीव्हीच्या फुगीर, कमी हवेच्या टायरांत हा फरक जास्त पडतो. म्हणून हवा नेहमीइतकी भरावी. टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करावी. नेहमीचा चालक बसवून दुसऱ्याने गाडी सरळ ढकलावी. चाकाचे पाच फेरे झाले की जमिनीवर दुसरी खूण करावी, टेपने अंतर मोजावे आणि पाचाने भागावे. समजा, ९ मीटर ५० सेंटिमीटर भरले, तर एक फेरा १,९०० मिलिमीटरचा. तोच आकडा मीटरला द्यावा. चाकावर किती चुंबके आहेत तेही द्यावे. दोन असताना एक सांगितले, तर वेग दुप्पट दिसेल.

एवढ्यावर थांबू नये, पडताळा घ्यावा. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड त्यासाठीच उपयोगी आहेत. अनेक रस्त्यांवर अधल्यामधल्या २०० मीटरच्या खुणाही असतात. रुंदीकरणात दगड हलतात, म्हणून एकावर विसंबू नये. लागोपाठच्या पाच किलोमीटरचे अंतर धरावे. समजा, मीटरला १,९५० दिले आहे आणि पाच किलोमीटरला तो ५.२ दाखवतो. मग १,९५० ला ५ ने गुणून ५.२ ने भागावे. उत्तर १,८७५. हा आकडा बरोबर. वेग तपासायला साधे घड्याळ पुरते: ताशी ४० च्या संथ वेगाने एक किलोमीटरला ९० सेकंद लागतात. घड्याळ मागे बसलेल्याने पाहावे, चालवणाऱ्याने नव्हे. मोबाइलवरचा उपग्रहाचा वेग मोकळ्या सरळ रस्त्यावर ताडून पाहायला चालतो. दरीत आणि वळणांवर तो मागे पडतो. बहुतेक एटीव्ही सार्वजनिक रस्त्यासाठी नोंदलेल्या नसतात. त्यांची परीक्षा शेतातच, टेपने आखलेल्या १०० मीटरच्या पट्ट्यावर करावी.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. चाकाचा फेरा २,००० मिलिमीटर असताना मीटरला १,८०० सांगितले, तर गाडी ६० ने धावताना मीटर ५४ दाखवील. सहाचाच फरक, पण ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे आपल्या अंदाजापेक्षा सुमारे २३ टक्के जास्त रस्ता लागेल. घाटाच्या उतारावर, ओल्या वळणावर तेवढा रस्ता पुढे असेलच असे नाही. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवू नये. थोडे जास्त दाखवलेले चालते. टायर झिजला की फेरा लहान होतो आणि आकडा जास्त दिसतो. मोठा टायर घातला की उलटे होते, आणि तेच धोक्याचे.

शिवाय ऑइल बदलण्याची वेळ आणि लिटरमागे मिळणारे अंतर, दोन्ही हिशेब याच मीटरवर चालतात. तेव्हा टायर बदलला की खडू आणि टेप पुन्हा काढावी. काम अर्ध्या तासाचे आहे, आणि त्याला मेस्त्रीची गरज नाही.