शीड-शिवणकाम

शीड-शिवणकाम : जाड कापडाच्या पट्ट्या जोडून नौकांची शिडे, छते व आच्छादने तयार करण्याचे कसब. यूरोपात शिडांसाठी अळशी व भांग यांच्या तंतूंचे कापड दीर्घकाळ वापरात होते. एकोणिसाव्या शतकात सुती कापडाचा प्रसार झाला. १८५१ मध्ये इंग्लंडमधील शर्यत जिंकणाऱ्या ‘अमेरिका’ या नौकेची शिडे सुती होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टर कापड रूढ झाले.

वाऱ्याचा ताण शिडाच्या कोपऱ्यांवर एकवटतो. म्हणून तेथे कापडाचे अनेक थर देतात. सर्व थर एकाच रेषेत संपविल्यास जाड व पातळ भागांच्या सीमेवर शीड फाटते. यासाठी प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा लहान कापतात; त्यामुळे ताण पायरीपायरीने पसरतो.

हातशिवणीसाठी टोकाकडे त्रिकोणी छेद असलेले दाभण व मधमाश्यांचे मेण लावलेला दोरा वापरतात. तळहातावर चामड्याचा पट्टा बांधतात. त्यात बसविलेल्या खाचदार धातूच्या चकतीने दाभण रेटले जाते. त्यामुळे बोटांऐवजी संपूर्ण हाताचा जोर लावता येतो.

साध्या शिवणयंत्राचे दाते फक्त खालचा थर पुढे ओढतात व वरचे थर मागे राहतात. म्हणून या कामाच्या यंत्रात कापड दाबणारा पायही कापडाबरोबर सरकतो. थर अधिक असल्यास सुई वाकते, टाके सुटतात अथवा सुई मोडते. कृत्रिम धाग्यांच्या कापडात घर्षणाने सुई तापून धागे वितळतात. यासाठी जाड सुई व मंद गती योग्य ठरते. अतिजाड जागी यंत्राचे चाक हातानेच फिरवितात. टाके फार जवळ घातल्यास छिद्रांच्या ओळीवर कापड दुर्बळ होते. शिडांच्या जोडांवर सामान्यतः नागमोडी टाके घालतात. ताणाखाली ते काहीसे लवतात.

सुती कापड भिजल्यावर फुगते व सुईची छिद्रे बुजतात. पॉलिएस्टरमध्ये तसे होत नाही. शिवाय ते कापड कठीण असल्याने टाके त्यात रुतत नाहीत. पृष्ठभागावर राहून दोरखंडांना घासतात व उन्हाने जीर्ण होतात. परिणामी कापड सुस्थितीत असतानाच शिवण निकामी होऊ शकते. अशी शिवण वेळीच नव्याने घातल्यास शीड वाचते. अन्यथा जोराच्या वाऱ्यात पट्टी उसवून नौकेवरील नियंत्रण सुटण्याचा धोका असतो.